तीन दगडांची चूल

२०२५ च्या गुढीपाडव्याची गोष्ट. मंडळाचा कार्यक्रम संपला होता, श्रीखंड-पुरी खाऊन सगळे सुस्तावले होते आणि आम्ही सात-आठ जण शाळेच्या कॅफेटेरियात चहाचे कप घेऊन बसलो होतो. आपण वॉशिंग्टनच्या इतक्या जवळ राहतो की गप्पा हवामानावरून सुरू झाल्या तरी सरकारवर येऊन थांबतात. त्या दिवशी विषय होता यूएसएडचा. परदेशांना मदत करणारी ही अमेरिकन सरकारी संस्था. तिचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याची घोषणा त्याच महिन्यात झाली होती. आमच्या एका शेजाऱ्याची बायको या कामाच्या कंत्राटी कंपनीत होती, तिची नोकरी गेली होती. तिच्याबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटत होतं. पण आमच्यातला एक जण म्हणाला, "ते ठीक आहे रे, पण आपल्या टॅक्सचे पैसे जगभर वाटायचे कशाला? देशाची सुरक्षा म्हणजे सैन्य. बाकी सगळा दानधर्म."

मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं.

शेजारी माझे बाबा बसले होते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. एरवी आमच्या चर्चेत ते पडत नाहीत. त्या दिवशी मात्र शांतपणे म्हणाले, "मी खाल्लाय तो दानधर्म."

बाबांचा जन्म १९५८ चा, सोलापूरचा. आजोबा गिरणीत कामाला. १९६६ साली आठ वर्षांचे बाबा रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभे राहायचे. मिळायचा तो अमेरिकेतून आलेला लाल गहू. त्याच्या चपात्या चिवट व्हायच्या, आजी पीठ भिजवताना पुटपुटत राहायची. "पण तुझे आजोबा ती चपाती खाताना एक अक्षर बोलायचे नाहीत," बाबा म्हणाले. "आम्हाला वाटायचं, चव आवडत नसेल. मोठा झाल्यावर कळलं. पोट भरत होतं, पण मान खाली जात होती."

टेबलावर कुणीच काही बोललं नाही. मग कुणीतरी पार्किंगचा विषय काढला आणि मंडळी उठली.

मी काही इतिहासकार नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिम्स दुरुस्त करतो. पण बाबांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. ज्या देशाने तो गहू पाठवला त्याच देशात मी आज टॅक्स भरतो. तो गहू अमेरिकेने का पाठवला? दानधर्म म्हणून, की स्वतःच्या सुरक्षेसाठी? आणि सुरक्षेसाठी असेल, तर ती साधली का? पुढचे काही महिने वीकएंडला लायब्ररीच्या चकरा मारल्या. त्यातून जे हाती लागलं ते या लेखात मांडतोय.

एक माणूस, तीन दगड

अमेरिकेच्या आजच्या सुरक्षाव्यवस्थेचा पाया १९४७ साली घातला गेला. त्या वर्षी 'नॅशनल सिक्युरिटी ॲक्ट' मंजूर झाला. त्याने तिन्ही सैन्यदलं एका संरक्षणमंत्र्याच्या छत्राखाली आणली, सीआयए स्थापन केली आणि राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणारी राष्ट्रीय सुरक्षा परिषद निर्माण केली. हे झालं सैन्याचं. पण त्याच वर्षी, ५ जून १९४७ रोजी, परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात एक छोटं भाषण केलं. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपला उभं करायला अमेरिका मदत करेल, मात्र योजना युरोपने स्वतः आखायची, असं त्याचं सार होतं.

मार्शल काही मऊ मनाचे समाजसेवक नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन लष्कराचे प्रमुख होते. उपाशी आणि बेकार माणूस कुठल्या झेंड्याखाली जाईल याचा नेम नाही, हे त्यांना दिसत होतं. फ्रान्स आणि इटलीत तेव्हा कम्युनिस्ट पक्ष जोरात होते. एप्रिल १९४८ मध्ये ट्रुमन यांनी मार्शल योजनेच्या कायद्यावर सही केली आणि चार वर्षांत १६ देशांना सुमारे १३ अब्ज डॉलर्स गेले. बरोबर वर्षभराने, एप्रिल १९४९ मध्ये, नाटोचा करार झाला.

म्हणजे बघा, आधी मदत, मग करार आणि पाठीशी सैन्य. मार्शल स्वतः पुढे १९५० मध्ये संरक्षणमंत्रीही झाले, आणि १९५३ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. सेनापती, परराष्ट्रमंत्री आणि युरोपच्या पुनर्बांधणीचा प्रवर्तक, हे सगळं एकच माणूस. हल्ली इथले तज्ज्ञ ज्याला 'थ्री डीज' म्हणतात, डिफेन्स, डिप्लोमसी आणि डेव्हलपमेंट, ते तेव्हा एका डोक्यात नांदत होते.

मला यावरून आजीची गावाकडची चूल आठवते. तीन दगड मांडायचे आणि वर पातेलं ठेवायचं. तीनपैकी एक दगड कितीही मोठा आणला तरी एकट्यावर पातेलं बसत नाही. आणि तिन्ही साधारण एका उंचीचे नसतील तर भात सांडतो.

लाल गव्हाचा हिशोब

आता बाबांच्या गव्हाकडे येऊ. युरोपला मदत करताना जो समंजसपणा दाखवला, तो भारताच्या वाट्याला तेवढा आला नाही. १९५१ साली भारतात धान्याची टंचाई होती. भारताने २० लाख टन धान्य मागितलं. पण नेहरू कोरियन युद्धात अमेरिकेच्या सुरात सूर मिळवत नव्हते, त्यामुळे अमेरिकन काँग्रेसमध्ये चार महिने वाद चालला. अखेर जूनमध्ये १९ कोटी डॉलर्सचं कर्ज मंजूर झालं. धान्य आलं, पण वाट पाहायला लावल्याची बोच मागे राहिली.

१० जुलै १९५४ रोजी आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचं अधिकृत नाव कुणाच्या लक्षात नाही, पण 'पीएल-४८०' हा आकडा आपल्या आईवडिलांच्या पिढीला पाठ आहे. अमेरिकन शेतकऱ्यांकडे गव्हाचे डोंगर साठले होते. ते मित्रदेशांना द्यायचे, म्हणजे इथला शेतकरी खूश, तिकडची भूक भागली आणि कम्युनिझमला आळा, असा तिहेरी हिशोब होता. मे १९६० मध्ये वॉशिंग्टनला सगळ्यात मोठा करार झाला : चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य. त्यावर आयझेनहॉवर यांच्यासोबत सही करणारे भारताचे अन्नमंत्री होते आपल्या मुंबईचे स. का. पाटील!

यातली एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. हा गहू मुख्यतः फुकट नव्हता. भारत त्याचे पैसे रुपयांत भरत होता. मात्र ते रुपये अमेरिकेला डॉलर करून घरी नेता येत नव्हते. ते भारतातच साठत होते आणि भारतातच खर्च करायचे होते. या रुपयांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

लगाम

१९६५ साली दोन गोष्टी एकदम घडल्या. पाऊस दगा देऊन गेला आणि पाकिस्तानशी युद्ध झालं. लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली आणि देशाला सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. विचार केला तर सुरक्षेवरचा सगळा ग्रंथ त्या चार शब्दांत आहे. सीमेवरचा जवान आणि शेतातला किसान वेगळे नाहीत. एक कमी पडला तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते लिंडन जॉन्सन. त्यांनी दीर्घ मुदतीचे करार बंद केले आणि गहू तुकड्यातुकड्याने, थोड्या थोड्या महिन्यांपुरता सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीकडे नीट लक्ष द्यावं हा एक हेतू होता, आणि तो अगदीच चूक होता असं नाही. पण व्हिएतनाममधल्या अमेरिकन बॉम्बफेकीवर भारत टीका करतो हा रागही त्यात होता. भारतात कुठे किती पाऊस पडला याची माहिती जॉन्सन स्वतः मागवून घेत. १९६६ मध्ये भारताने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. 'बोटीतून थेट पोटात' अशी अवस्था होती. एक बोट उशिरा आली तर सोलापूरच्या रांगेतल्या आठ वर्षांच्या पोराची पिशवी रिकामी परत जाणार.

या लगामाने अमेरिकेला काय मिळालं? भारताने व्हिएतनामवरची टीका थांबवली नाही. उलट पुन्हा कधी अशी वेळ येऊ द्यायची नाही, हे दिल्लीने मनाशी पक्कं केलं. ऑगस्ट १९७१ मध्ये भारताने सोव्हिएत युनियनशी मैत्रीचा करार केला. डिसेंबरमध्ये बांगलादेश युद्ध सुरू असताना निक्सन यांनी भारताची आर्थिक मदत थांबवली आणि 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली. लहानपणी ज्यांनी लाल गव्हाच्या चपात्या खाल्ल्या, त्या मुलांच्या लक्षात अमेरिका राहिली ती या नौकेमुळे. बाबा आजही 'सातवं आरमार' म्हणताना आवाज चढवतात.

इथे माझा मित्र म्हणेल, बघ, मीच बरोबर होतो! एवढा गहू दिला, मैत्री काही मिळाली नाही. मलाही वाचताना क्षणभर तसंच वाटलं. पण गोष्ट इथे संपत नाही.

जे टिकलं

त्याच काळात अमेरिकेने भारतात दुसऱ्या काही गोष्टी केल्या, ज्यांचा गाजावाजा कमी झाला.

१९६२ ते १९७२ या दहा वर्षांत एमआयटी, बर्कली, प्रिन्स्टन, पर्ड्यू अशा नऊ अमेरिकन संस्थांनी मिळून आयआयटी कानपूर उभं करायला हात दिला. पैसा यूएसएडचा. १९६३ मध्ये तिथे आयबीएम-१६२० हा कॉम्प्युटर आला आणि भारतातल्या कॉम्प्युटर शिक्षणाची पायाभरणी झाली. गंमत म्हणजे पवईचं आयआयटी उभं राहिलं १९५८ साली, ते युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदतीने! दोन महासत्ता एकमेकींवर क्षेपणास्त्रं रोखून बसल्या होत्या, आणि आपल्याकडे मात्र स्पर्धा लागली होती ती कोण चांगलं कॉलेज बांधून देतो याची. शीतयुद्धातली ही एवढी एक चढाओढ सगळ्यांच्याच फायद्याची ठरली.

शेतीतही तेच. यूएसएडने सहा अमेरिकन विद्यापीठं भारतातल्या नव्या कृषी विद्यापीठांशी जोडून दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलं पेन स्टेट. आपल्यातले कितीतरी जण दर वीकएंडला ज्यांचा फुटबॉलचा सामना बघतात तेच हे पेन स्टेट. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं. त्यामागे नॉर्मन बोरलॉग आणि रॉकफेलर फाउंडेशनचं काम होतं, आणि ते बियाणं आपल्या मातीत रुजवणारे एम. एस. स्वामीनाथन आणि त्यांचे सहकारी होते. १९६४-६५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी २० लाख टन गहू पिकला होता. १९७०-७१ मध्ये तो २ कोटी ४० लाखांच्या घरात गेला.

आणि एक छोटी गोष्ट. १९६६ मध्ये ६८ वर्षांची एक अमेरिकन नर्स पीस कोअरमधून मुंबईच्या विक्रोळीत आली आणि जवळजवळ दोन वर्षं तिथे काम करून गेली. त्यांचं नाव लिलियन कार्टर. त्यांचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

यातल्या कशालाही लगाम नव्हता. शिकवलेली विद्या परत घेता येत नाही, रुजलेलं बियाणं रोखून धरता येत नाही. म्हणून ते टिकलं. त्या विद्येच्या वाटेवरून पुढच्या पिढ्या चालत इथवर आल्या. माझ्यासारख्याने कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन या देशात यावं, यात त्या १९६३ च्या यंत्राचा धागा कुठेतरी आहेच. १९७१ ला एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या दोन देशांना पुन्हा बोलायला लावण्यात कुठल्याही नौकेपेक्षा अशा माणसांचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

नुसता पैसा ओतला तर

मदत दिली की झालं, असंही नाही. अफगाणिस्तानात अमेरिकेने २० वर्षांत पुनर्बांधणीवर सुमारे १४५ अब्ज डॉलर्स खर्च केले. महागाई धरूनही हा आकडा मार्शल योजनेपेक्षा जास्त भरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काही दिवसांत सगळं कोसळलं. अमेरिकेनेच नेमलेल्या खास महानिरीक्षकांचे अहवाल वाचले तर कारणं स्पष्ट दिसतात : वर्षाच्या आत पैसा संपवायची घाई, दरवर्षी बदलणारे अधिकारी, स्थानिक माणसांना न विचारता आखलेल्या योजना. शाळा बांधल्या, पण चालवणार कोण हे ठरलं नव्हतं.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. सिक्युरिटी म्हटलं की क्लायंटला फायरवॉल हवी असते, तीही सगळ्यात महागडी. पण चोर बहुतेक वेळा शिरतो तो कोपऱ्यातल्या जुन्या, कुणी लक्ष न दिलेल्या सर्व्हरमधून. आणि महाग सॉफ्टवेअर बसवून माणसांना शिकवलंच नाही, तर सहा महिन्यांत ते धूळ खातं. फायरवॉल लागतेच. पण दुरुस्ती, देखरेख आणि प्रशिक्षण यांचं बजेट कापून फायरवॉल वाढवणाऱ्या कंपनीला मी सुरक्षित म्हणणार नाही.

हे मी म्हणतोय म्हणून सोडून द्या. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये कॅन्ससमधल्या भाषणात हेच सांगितलं होतं. इराक आणि अफगाणिस्तान अशी दोन युद्धं चालू असताना त्यांनी दुसऱ्या खात्याला, म्हणजे परराष्ट्र खात्याला, जास्त पैसे द्या असं म्हटलं! अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत तेव्हा सुमारे ६,६०० अधिकारी होते. एका विमानवाहू नौकेच्या ताफ्यावर याहून जास्त माणसं असतात, हे त्यांनी निदर्शनास आणलं. आपल्या खात्याला सोडून शेजारच्या खात्यासाठी पैसे मागणारा मंत्री तुम्ही कधी पाहिलाय?

आणि खर्च किती? सर्वेक्षणांत विचारलं तर अमेरिकन माणूस सरासरी सांगतो की सरकारी खर्चाचा पाव हिस्सा परदेशी मदतीवर जातो. प्रत्यक्षात अनेक वर्षं तो १ टक्क्याच्या आसपास होता. १ जुलै २०२५ रोजी यूएसएड स्वतंत्र संस्था म्हणून संपली आणि उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी 'फ्यूज नेट' ही यंत्रणा १९८५ पासून चालू होती. पाऊस, पिकं आणि बाजारभाव बघून भूक कुठे येणार हे ती महिनोन्‌महिने आधी सांगायची. जानेवारी २०२५ मध्ये तीही बंद पडली आणि काही महिन्यांनी अंशतः सुरू झाली. मॉनिटरिंग बंद केलं म्हणून सर्व्हर पडायचा थांबत नाही. आपल्याला उशिरा कळतं, एवढंच.

यूएसएडमध्ये उधळपट्टी नव्हती असं मी म्हणत नाही. आतून खूप काही सुधारायला हवं होतं. पण चुलीचा दगड हलत असेल तर तो नीट बसवायचा असतो, काढून फेकायचा नसतो.

शिक्का

आता त्या साठलेल्या रुपयांबद्दल. १९७४ पर्यंत ते इतके साचले होते की त्यांचं करायचं काय हा दोन्ही सरकारांना प्रश्न पडला. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनिएल मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला आणि त्या पैशांवरचा हक्क सोडला. तोपर्यंतचा तो जगातला सगळ्यात मोठा चेक होता.

पण त्याआधी त्या रुपयांतून आणखी एक काम झालं होतं. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीच्या ऑफिसने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवली. मराठीही त्यात होती.

बाबा परत जायच्या आधी त्यांना वाचायला काही तरी हवं होतं, म्हणून मी गावातल्या लायब्ररीतून इंटरलायब्ररी लोनने एक जुना मराठी कथासंग्रह मागवला. लांबच्या एका विद्यापीठातून तो आला. पानं पिवळी पडलेली. आत शिक्का होता, पीएल-४८०. मी बाबांना सगळी हकिगत सांगितली. गव्हाचे पैसे रुपयांत भरले जायचे, ते भारतातच साठायचे, त्यातूनच ही पुस्तकं घेतली गेली.

बाबांनी बराच वेळ त्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या आजोबांनी रेशनच्या दुकानात मोजलेले पैसे आहेत हे." थोडं थांबून म्हणाले, "त्यांना हे कुणी सांगायला हवं होतं रे. मान खाली घालून खायची काही गरज नव्हती."

फेब्रुवारी २०२२ मध्ये भारताने अफगाणिस्तानच्या उपाशी लोकांसाठी ५०,००० टन गहू पाठवायला सुरुवात केली. ट्रक पाकिस्तानातून गेले, आणि काबूलमध्ये तेव्हा तालिबानचं राज्य होतं. कधीकाळी बोटीची वाट बघणारा देश आता शेजाऱ्याच्या चुलीचा विचार करतो आहे. तो गहू खाणाऱ्या कुठल्या तरी घरात एक बाप गप्प बसून जेवत असेल. पुढच्या पन्नास वर्षांत त्या घरातला मुलगा भारताबद्दल काय सांगेल, हे आपण गव्हासोबत आणखी काय देतो आणि कसं देतो यावर ठरणार आहे.

पुढच्या पाडव्याला त्याच टेबलावर हा विषय पुन्हा निघाला, तर या वेळी मी नुसती मान डोलावणार नाही.